पुढच्या पायाची नळी

मोटरसायकलचे पुढचे शॉकअप गेले की ते आधी मनगटांना कळतं. खड्ड्यात चाक गेलं की ठक्क करून आवाज येतो आणि तो कोपरातून खांद्यात चढतो. ब्रेक दाबला की गाडी मान खाली घालते, जणू काही तिलाच कशाची तरी शरम वाटावी. मी हे दुखणं फार काळ अंगावर काढलं. आमचं गाव जळकोटच्या बाजूला, हायवेपासून आत. मी रोज उमरग्याला जातो. तिथं एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त आणि लघवी तपासणं हे माझं काम. हायवेची तक्रार नाही. पण गावातून फाट्यापर्यंत जे काही आहे, त्याला रस्ता म्हटलं तर खड्ड्यांना राग येईल.

शॉकअप ही वस्तू तशी साधी. वर चकचकीत क्रोमची नळी, खाली जाड नळकांडं. नळी त्यात वरखाली होते, आत स्प्रिंग आणि तेल. दोन्हींच्या सांध्यावर एक रबरी सील असतं, तेल बाहेर येऊ नये आणि धूळ आत जाऊ नये म्हणून. माझ्या गाडीचं ते सील सारखं जायचं. नवं बसवलं की काही दिवस बरं चालायचं, मग एका सकाळी नळकांड्यावर तेलाचा ओघळ दिसायचा. मी गॅरेजं बदलली. एकानं सांगितलं सील डुप्लिकेट आहे, दुसऱ्यानं सांगितलं तेल पातळ आहे, तिसऱ्यानं सगळा दोष माझ्या वजनावर ढकलला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो सगळा प्रकार होता. मी प्रत्येकाला मनातल्या मनात शिव्या घालायचो आणि पुन्हा त्यांच्याकडंच जायचो, कारण जाणार कुठं?

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे माझे वडील. जन्म मेंढरांमागं गेला. पावसाळा संपला की कळप घेऊन बाहेर पडायचे, पार कर्नाटकाच्या हद्दीपलीकडं जाऊन यायचे. मी नोकरीला लागलो, बहिणी सासरी गेल्या, आई गेली, आणि आबांचे गुडघे बोलायला लागले. चराऊ रानं तर आधीच कोणाकोणाच्या कुंपणात गेली होती. मग त्यांनी मेंढरं विकली. ज्या दिवशी टेम्पो येऊन कळप घेऊन गेला त्या दिवशी ते नीट जेवले, दुपारी झोपलेही. मला वाटलं, चला, सुटले एकदाचे. हातातलं काम गेलेल्या माणसाचं पुढं काय होतं, याचा मी तेव्हा विचारच केला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यांनी माझी मोटरसायकल सांभाळायला घेतली. सकाळी मी अंघोळ करून येईपर्यंत गाडी पुसलेली असायची. गाडी चालवायला ते कधी शिकले नाहीत, तशी इच्छाही नव्हती. पण तिच्याभोवती फिरून ते तिला असं बघायचे, जसं बाजारात विकत घ्यायचं जनावर बघावं. पुढचा मडगार्ड त्यांच्या लेखी छाती, हेडलाइट तोंड, आणि शॉकअप म्हणजे पुढचे पाय. आता आपल्या भाषेत पायाच्या हाडालाही नळी म्हणतात आणि शॉकअपच्या पाइपालाही गॅरेजवाले नळीच म्हणतात. आबांना यात काही योगायोग वाटला नाही. पायाला नळी असणारच.

मेंढराच्या पायाला दोरा बांधायची आमच्यात जुनी रीत आहे. कळपातलं जे मेंढरू डोळ्यांत भरण्याजोगं, त्याच्या पुढच्या पायाला नळीवर काळ्या लोकरीचा दोरा, दृष्ट लागू नये, वाट नडू नये म्हणून. शेवटच्या कातरणीची लोकर आबांनी एका पोत्यात ठेवली होती. तीच टकळीवर कातून ते दोरा वळायचे. चैत्रात एसटीनं सोनारीला जायचे, आमचं कुलदैवत तिथला काळभैरव. दोरा देवापुढं ठेवून आणायचे आणि गाडीच्या दोन्ही नळ्यांना, सीलच्या जरा वर, करकचून बांधायचे. त्यांची गाठ एकदा बसली की बैल लावूनही सुटायची नाही.

पहिल्यांदा बांधला तेव्हा मी त्यांची थट्टा केली होती. म्हटलं, "आबा, लोकं हँडलला बांधतेत, आरशाला बांधतेत. तुम्ही खाली कुठं बांधायलाव?"

"जनावर चालतंय पायानं," ते म्हणाले. "मुंडक्यानं चालतंय व्हय?"

गाठ मारून झाली की ते दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून उठायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे, "दोरा हाय. आता मला काळजी न्हाय."

आणि त्यांना खरंच काळजी नसायची. दवाखान्याचं काम, कधी अपघाताची केस आली की रक्ताचे नमुने संपेस्तोवर उठता येत नाही. उशीर झाला की बायकोचे फोनवर फोन यायचे. आबा मात्र वेळेवर भाकरी खाऊन निवांत घोरत पडलेले असायचे. माझ्या लॅबमधल्या सोबत्याचे वडील त्याला दिवसातून इतके फोन करत, की तो बिचारा रडकुंडीला यायचा. मी त्याला सांगायचो, माझ्या बापाला माझं काही पडलेलं नाही. हे मी मिरवत सांगायचो.

त्या दिवशी आबांना डोळे दाखवायला मी उमरग्याला घेऊन गेलो होतो. डॉक्टर यायला वेळ होता, आणि हायवेला लागून एक नवं गॅरेज निघालं होतं. तिथला मिस्त्री शॉकअपमध्ये हुशार आहे असं कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून गाडी तिकडं वळवली. हा मिस्त्री बडबड्या होता. हात चालण्याआधी त्याचं तोंड चालायचं. त्यानं इंजिनाखाली लाकूड लावून पुढचं चाक उचललं, चाक काढलं, मडगार्ड काढला. ते करताना ट्रकवाल्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या गोष्टी सांगून झाल्या. आबा एका टायरवर बसून सगळं निरखत होते. जनावराचं काही कापायचं-शिवायचं असलं की ते असेच जवळ बसायचे.

मग मिस्त्री दोऱ्यापाशी आला. आधीचे सगळे मिस्त्रीही तिथं आले असणार. पण देवाचा दोरा कापायला कोण धजावणार? त्यांनी तो हळूच वर सरकवला असेल, सील बदललं असेल आणि दोरा होता तिथं परत आणून ठेवला असेल, पाया पडून. मला विचारलं असतं तर मीही हेच करा म्हणालो असतो. या मिस्त्रीनंही आधी हात जोडले. मग दोरा नखानं जरा वर सारला, खालची नळी फडक्यानं पुसली आणि तोंडानं च्च केलं.

दोऱ्याखाली क्रोम राहिलंच नव्हतं. गंजाचे बारीक बारीक ठिपके, देवी आलेल्या चेहऱ्यासारखे. लोकरीनं पावसाचं पाणी धरलं होतं, फाट्याची माती धरली होती, गळालेलं तेल धरलं होतं, आणि हा सगळा रगडा नळीला वर्षानुवर्षं घासत होता. खडबडीत झालेली ती नळी सीलमधून वरखाली झाली की सीलची कड फाटत होती. कितीही नवं सील घाला, ते फाटणारच होतं.

"दोरा कुणी बांधलाय ओ ह्यो?" मिस्त्रीनं विचारलं.

"म्या," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा तोरा होता. दोऱ्याबद्दल कोणी विचारलं की असायचा.

"मामा, ह्या दोऱ्यानंच नळी खाल्ली बघा."

आबांना वाटलं असेल, ऐकण्यात चूक झाली. ते उठून जवळ आले. मिस्त्रीनं त्यांचं बोट धरून नळीवरून फिरवलं. आबांची बोटं मेंढराच्या लोकरीतून हाडाची बारीक चीरही ओळखायची; त्या ठिपक्यांचं त्यांना काय कळायचं राहणार? मी बोललो, "जाऊ द्या हो आबा, लोखंडच हाय ते." पण मिस्त्री थांबणाऱ्यातला नव्हता. त्यानं ओघळ दाखवला, तो नळकांड्यावरून खाली कसा येतो ते दाखवलं, आणि काढून ठेवलेल्या चाकाच्या ब्रेक डिस्कवर बोट ठेवलं.

"आजून थोडं गळलं असतं ना मामा, तर तेल हितं आलं असतं. ब्रेक लागलाच नसता. हायवेला ट्रक काय थांबतेत व्हय? पोरगं गेलं असतं तुमचं."

त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. असं भीती घालून बोलणं ही त्याची सवय, पाचपैकी चार गिऱ्हाइकांना तो हेच सांगत असणार. पण हे माझ्या बापाला सांगायचं नव्हतं. त्या क्षणी आबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी यापूर्वी पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग त्या नळीकडं. त्यांनी मिस्त्रीकडं पातं मागितलं. मिस्त्री म्हणाला, "असू द्या, मी काढतो." आबांनी मान हलवली. देवाचं त्यांनी आणलं होतं, त्यांनीच उतरवायचं. पात्यानं दोन्ही दोरे कापले, कपाळाला लावले आणि कोपरीच्या खिशात ठेवले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेल्यावर त्यांना वरच्या ओळीतलं मोठं अक्षरसुद्धा वाचता येईना, कारण डोळे सारखे भरून येत होते. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले.

गाडी गॅरेजलाच राहिली, आम्ही एसटीनं परत आलो. खिडकीशी बसून आबा एकच वाक्य बोलले, "मला वाटलं म्या राखायलोय." मी म्हटलं, "मिस्त्री लोकं वाढवून सांगतेत." त्यांनी कोपरीचा खिसा वरून चाचपला.

आता करायचंच आहे तर पुरतं करू, असं मी ठरवलं. मिस्त्रीला सांगितलं, दोन्ही नळ्या नव्या घाल, स्प्रिंगा जरा कडक टाक, तेल जाड भर. आणि वर रबरी बूट चढव, जुन्या मोटरसायकलींना असायचे तसे, चुण्यांचे, नळी पार झाकून टाकणारे. मिस्त्री म्हणाला, बूट चांगलेच, धूळ लागणार नाही. त्याला खरं कारण मी सांगितलं नाही. मला ते धुळीसाठी नको होते. बुटावरून दोरा बांधला तर नळीला लागणार नाही, गंज चढणार नाही, आणि आबांचा दोरा जिथल्या तिथं राहील. हा हिशोब मला फार चतुर वाटला होता.

काम बघायला मी थांबलो होतो. जुनी नळी उलटी धरली तेव्हा आतून काळं, कुबट तेल निघालं. मेलेल्या उंदरासारखा वास. नव्या नळ्या आरशासारख्या होत्या. मिस्त्रीनं नवं सील बोटानं तेल लावून बसवलं, जुनं सील त्यावर ठेवून हलक्या हातानं गोल ठोकत खाली उतरवलं. मापानं तेल ओतलं आणि नळी वरखाली दाबून आतली हवा काढली. गाडीवर बसून मी ब्रेक दाबला. पूर्वी धाडकन खाली जाणारं तोंड आता जरासं वाकलं आणि थांबलं. हायवेवर गाडी लोण्यासारखी चालली. गावच्या खड्ड्यांतून येताना मला पहिल्यांदा कळलं, की रस्त्याचा राग करत मी इतकी वर्षं उगाच हाडं खिळखिळी करून घेतली होती. मी खुशीत होतो, अगदी गाणं गुणगुणत घरी आलो.

आबा दारातच होते. मी त्यांना बूट दाखवले. म्हटलं, "आता बांधा दोरा. नळी आत हाय, तिला काय होत न्हाय."

त्यांनी वाकून रबरावर हात फिरवला. चुण्या दाबून बघितल्या.

"नळी कुठंय?"

"आत हाय की."

"मंग दोरा रबराला बांधायचा व्हय?" ते सरळ झाले. "न्हाय बाबा. आता माझा हात नगं त्याला."

मी खूप समजावलं. हँडलला बांधा म्हटलं, चावीला बांधा म्हटलं, माझ्या मनगटाला तरी बांधा म्हटलं. मनगटाचं म्हटल्यावर ते माझ्यापासून दोन पावलं मागं सरले. माझ्या अंगाला आपला दोरा लावायला माझा बाप भ्याला होता. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसे झाले माझे ते बूट. लोकरीचं पोतं त्यांनी शेजारच्या म्हातारीला उशा भरायला देऊन टाकलं. त्या चैत्रात ते सोनारीला गेले, नारळ फोडून हात हलवत परत आले.

सकाळी गाडी पुसणंही थांबलं. मी सांगितलं, पुसा की, त्यात काय होतंय. ते म्हणायचे, "तुलाच येतंय की." घरात मात्र ते बदललेत असं बायकोलाही वाटलं नाही. जेवायचे, बोलायचे. एवढंच, की मी घरी आलो की ते घरात नसायचे. मी हातपाय धुऊन चहा घेईपर्यंत मागच्या पायवाटेनं यायचे. कुठं गेला होता विचारलं की म्हणायचे, "शेताकडं." मला बरंच वाटायचं. म्हातारा माणूस चार पावलं चालतो, चांगलंच आहे.

मग एक दिवस मला कामावरच ताप भरला. दवाखान्यातले डॉक्टर सोलापूरला निघाले होते. त्यांनी मला मोटरसायकल चालवू दिली नाही, आपल्या मोटारीत घातलं आणि फाट्यावर न उतरवता थेट गावात घरापाशी सोडलं. मी पडून राहिलो. दिवस मावळला. बायको दिवा लावून आली आणि म्हणाली, "आबा आजून आले न्हाइत. तुम्ही आल्यावर मागोमाग येतेत की रोज."

शेताकडं कोणी नव्हतं. वाटेत भेटलेल्या एका गुराख्यानं सांगितलं, आबा फाट्यावर आहेत, रोजच असतात. मी अंगात ताप घेऊन फाट्यापर्यंत चालत गेलो. चहाच्या टपरीमागं एक बाभूळ आहे, तिच्या बुंध्याला टेकून ते हायवेकडं तोंड करून बसले होते. हायवेवरून सहसा त्या बाजूला कोणाची नजर जात नाही. टपरीवाला मला बघून चकित झाला. तो म्हणाला, दुपार कलली की आबा येतात. माझी गाडी लांबून दिसली की उठून शेतातल्या वाटेनं घरी जातात. आज गाडी आली नाही म्हणून ते उठलेच नव्हते.

मी मागून जाऊन उभा राहिलो. ते मान न वळवता, मी गावातलाच कोणी आहे असं समजून म्हणाले, "यील आता. उशीर झालाय जरा त्याला."

"आबा, मीच हाय."

त्यांनी वळून बघितलं. आधी माझा चेहरा, मग माझे पाय, मग पुन्हा चेहरा. मी तापाचं सांगितलं, मोटारीचं सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. मला बोलल्याशिवाय राहवेना. म्हटलं, "आबा, आता गाडीला काय झालंय? नळ्या नव्या, स्प्रिंगा नव्या, ब्रेक चांगला. आधीपेक्षा लई भारी झालीय गाडी. आता कसली काळजी करायलाव तुम्ही?"

"गाडीची न्हाय रं," ते म्हणाले. "गाडी चांगलीच केलीस तू. दोरा हुता तवर देव बघायचा. आता मलाच बघावं लागतंय."

मी ते सील पुन्हा पुन्हा बदलत राहायला हवं होतं. जन्मभर बदललं असतं. आता आबा लपत नाहीत, एवढाच काय तो फरक. रोज फाट्यावर उघड बसलेले असतात. मी गाडी थांबवली की मागं बसतात, माझ्या खांद्यावर हात ठेवतात. घरापर्यंतचा रस्ता तसाच आहे, पण धक्का एकही लागत नाही. हात मात्र सगळी वाट खांदा करकचून धरून असतो.